दुधाची पिशवी गळते? आधी जागा शोधा, मग हीटला हात लावा

रात्री साडेअकराला फोन येतो. "दादा, दोन नंबर हेड गळतंय. हीट वाढवली, तरी थांबंना." हेड म्हणजे मशिनवरचा पिशवी बनवून, भरून, सील करणारा एक भाग. गेली अठरा वर्षं मी सांगली-कोल्हापूर भागातल्या डेअऱ्यांमध्ये पाऊच पॅकिंग मशिनची देखभाल करतो. या फोनमधला माझ्या काळजीचा भाग गळती हा नाही, 'हीट वाढवली' हा आहे. गळतीचं कारण दहापैकी सात-आठ वेळा हीट नसतंच. पण हीट वाढवली की फिल्म जळते, सील कडक होतो, सीलच्या पट्टीवरचं टेफ्लॉन कापड करपतं, आणि मूळ दोषावर दुसरा दोष चढतो. मग पहाटे तीनला मशिन उघडून बसलं तरी खरं कारण सापडत नाही.

म्हणून हा क्रम लिहून ठेवतो आहे. तो पॉलिथिन फिल्मच्या रोलपासून पिशवी बनवून, भरून, सील करणाऱ्या उभ्या मशिनसाठी आहे, म्हणजे अर्धा लिटर-एक लिटर दुधाच्या आणि ताकाच्या पिशव्यांसाठी. सीलिंग इम्पल्स पद्धतीचं धरलं आहे: जॉ, म्हणजे फिल्म दाबणारा जबडा, बंद झाला की निक्रोमच्या (तापणाऱ्या मिश्रधातूच्या) पट्टीत क्षणभर करंट जातो, फिल्म वितळून एक होते, आणि जॉ दाबलेला असतानाच ती थंड होते. कागदी खोक्यातल्या टिकाऊ दुधाच्या मशिनचं काम वेगळं आहे. तिथे कागद, पॉलिथिन आणि ॲल्युमिनियम असे थर असतात आणि आडवा सील बहुतेक इंडक्शनने होतो. त्याला यातलं फारसं लागू नाही.

लक्षणं

'पिशवी गळते' एवढ्यावर काही कळत नाही. माझ्या पाहण्यातल्या तऱ्हा अशा:

- तळ गळतो, तोंड चांगलं असतं.
- तोंड गळतं, तळ चांगला असतो.
- तळ आणि तोंड दोन्हीकडे, आणि नेहमी एकाच कोपऱ्यात.
- उभा सील आडव्या सीलला जिथे छेदतो, नेमक्या त्या ठिपक्यातून बारीक झिरपतं. हे सगळ्यात जास्त दिसतं.
- उभा सील वरून खालपर्यंत उसवतो, पिशवी पुस्तकासारखी उघडते.
- सील सगळे पक्के, पण पिशवीच्या पोटाला टाचणीएवढं भोक.
- मशिनवर कोरडी दिसणारी पिशवी सकाळी एजंटकडे क्रेटमध्ये दुधात बसलेली असते.
- शिफ्टच्या सुरुवातीला सगळं ठीक, दोन-अडीच तासांनी गळती सुरू.

शेवटचं लक्षण नीट लक्षात ठेवा. त्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे.

सगळ्यात आधी: वीस पिशव्या आणि एक मार्कर

याला खर्च शून्य आणि वेळ दहा मिनिटं. सेटिंगमध्ये काहीही न बदलता गळणाऱ्या वीस पिशव्या बाजूला काढा. दोन हेड असतील तर प्रत्येक हेडच्या वेगळ्या ठेवा, मिसळू नका. पिशवी कापडाने पुसा, टेबलावर आडवी ठेवून तळव्याने हळूहळू दाबा आणि पहिला थेंब जिथून येईल तिथे मार्करने गोल करा. मग सगळ्या पिशव्या एकाच दिशेने ओळीने मांडून बघा.

गोल सगळे एका जागी आले, तर दोष मशिनच्या एका ठरावीक भागात आहे. ते विखुरलेले असले, तर फिल्म, हवा, पाणी, व्होल्टेज यांच्यापैकी काहीतरी डळमळतं आहे. एकाच हेडवर गळती असेल, तर कॉम्प्रेसर आणि फिल्मचा लॉट यांच्यावरचा संशय बराच कमी होतो, कारण ते दोन्ही हेडना सामाईक आहेत. या एवढ्या माहितीने निम्मं मशिन उघडायचं वाचतं.

थेंब दिसत नाही, पण पिशवी ओली होते आहे, असं असेल तर लॅबमधून एमबीआरटीसाठी (दुधाची प्रत तपासण्याच्या चाचणीसाठी) लागणारं मिथिलीन ब्लू मागून घ्या. पिशवीचं पोट कापून दूध काढा, आतून धुऊन पूर्ण वाळवा, सीलच्या आतल्या कडेला निळं पाणी सोडा आणि बाहेरून पांढरा टिश्यू दाबून धरा. सीलमध्ये केसाएवढी वाट असली तरी टिश्यूवर निळा ठिपका उमटतो. तपासलेल्या पिशव्या आणि त्यातलं दूध टाकून द्या, ते परत टाकीत जाता कामा नये.

आता सील ओढून बघा. रिकाम्या पिशवीचा सील दोन्ही हातांनी हळू ताणा. चांगल्या सीलशेजारची फिल्म ताणली जाते, पांढरट होते आणि तिथे फाटते, सील तसाच राहतो. कच्चा सील पाकिटाच्या झाकणासारखा सोलून निघतो, तो जोडलाच गेला नव्हता. जळालेला सील मात्र कडेवर चटकन तुटतो, तिथली फिल्म पातळ आणि सुरकुतलेली दिसते, कापावर दुधाळ तारा सुटलेल्या असतात. कच्च्याला हीट कमी पडली असेल किंवा दाब कमी पडला असेल. जळक्याची हीट कमी करायची असते. बाहेरून दोन्ही पिशव्या सारख्याच गळतात, म्हणून ओढून बघितल्याशिवाय नॉबला हात लावायचा नाही, हा मी शिकाऊ मुलांना घालून दिलेला पहिला नियम आहे.

एक गोष्ट समजून घेतली की पुढचं सोपं होतं. जॉच्या एकाच ठोक्यात खालच्या पिशवीचं तोंड, वरच्या पिशवीचा तळ आणि मधला काप, ही तिन्ही कामं होतात. म्हणजे तोंड आणि तळ एकाच पट्टीने, एकाच क्षणी बनतात. तरी तळच गळत असेल, तर पट्टीवर लगेच संशय घेऊ नका. तळावर सील झाल्या झाल्या दुधाचा भार येतो, तोंडावर येत नाही. म्हणजे सील बनतो आहे, पण भार पेलण्याइतका थंड होण्याआधीच त्याच्यावर दूध आदळतं आहे.

क्रेट आणि वाहतूक

मशिनवर पिशवी कोरडी आणि एजंटकडे ओली, असं असेल तर मशिन उघडू नका. क्रेटच्या आतून हात फिरवा. तुटलेल्या जाळीचं टोक, तळाशी रुतलेली खडी, तारेचा तुकडा हाताला लागतो. पोटाला टाचणीएवढं भोक असलेल्या पिशव्यांचं मूळ इथे किंवा कन्व्हेयरच्या पत्र्याच्या कडेला असतं. क्रेट पुरते भरून वर दुसरा क्रेट दाबून बसवला जातो का, तेही पाहा. दहा पिशव्या नव्या क्रेटमध्ये आणि दहा जुन्या क्रेटमध्ये भरून एकाच गाडीतून पाठवल्या की उत्तर मिळतं.

क्रेट चांगले निघाले आणि भोक तरीही पिशवीच्या एकाच उंचीवर, एकाच बाजूला येत असेल, तर रोलपासून फॉर्मरपर्यंतच्या (फिल्मला नळीचा आकार देणाऱ्या भागापर्यंतच्या) वाटेवर कुठेतरी फिल्म खरचटते आहे. फॉर्मरच्या खांद्यावर वाळलेल्या दुधाचा खडा किंवा पत्र्याची कड वर आलेली असते. मशिन बंद करून तिथे बोट फिरवलं की कळतं. नंतर ओल्या कापडाने पुसायचं, ब्लेडने खरवडायचं नाही. ब्लेडचा ओरखडा कायमचा राहतो आणि तोच पुढे फिल्म कापत राहतो.

भरती, फेस आणि नोझलचा थेंब

काटा लावा. अर्ध्या लिटर दुधाचं वजन साधारण ५१५ ग्रॅम भरतं, कारण दुधाची घनता पाण्यापेक्षा थोडी जास्त, १.०३च्या आसपास असते. त्यात रिकाम्या पिशवीचं वजन मिळवा. सलग दहा पिशव्या जास्त भरत असतील, तर दूध सीलच्या रेषेपर्यंत चढतं आणि गरम तोंडाला आतून ढकलतं. तोंड गळतं, तळ चांगला, या लक्षणाचं हे नेहमीचं कारण. वजन कमीजास्त होत असेल, तर वरच्या बॅलन्स टँकचा फ्लोट बघा. ही भरती वेळ मोजून होते, म्हणजे नोझल ठरलेला वेळच उघडं राहतं. टाकीतली पातळी वर-खाली झाली की तेवढ्याच वेळात कमीजास्त दूध उतरतं.

फेस हा वेगळा त्रास आहे. फेसाचा बुडबुडा सीलमध्ये अडकला की दोन पदरांमध्ये दूध राहतं. पट्टीची उष्णता फिल्म वितळवण्याऐवजी ते दूध उकळवण्यात जाते आणि सीलमध्ये बारीक वाफेचे फोड येतात. भिंगाने पाहिले तर दिसतात. फेस आला की लोक डिफ्युझरवर (नोझलमधून दूध पसरवून सोडणाऱ्या भागावर) खापर फोडतात, पण मी आधी पंपाच्या सक्शनकडचं युनियन (पाइपचा जोड) हाताने आवळून बघतो. तिथून हवा ओढली गेली तर टाकीभर फेस होतो. गॅस्केट बदलायला पंधरा मिनिटं लागतात.

नोझल बंद झाल्यावरही एखादा थेंब पडत असेल तर तो थेट बंद होत असलेल्या जॉवर जातो. नोझलच्या सीटची रबरी रिंग सीआयपीच्या (मशिन न खोलता आतून धुण्याच्या) कॉस्टिकने आणि गरम पाण्याने फुगते, कडक होते. रिंग स्वस्त असते, ती कायम हाताशी ठेवा.

टेफ्लॉन कापड

आता जॉ. मशिन थांबवा, मेन स्विच बंद करा, हवा सोडून द्या, मगच जॉमध्ये हात घाला. वीज बंद असली तरी लाइनमध्ये दाब शिल्लक असतो आणि हवेवर चालणाऱ्या सिलिंडरमुळे जॉ हातावर बंद होऊ शकतो. आमच्या भागात एका ऑपरेटरची दोन बोटं अशीच गेली. ते पाहिल्यापासून गेजचा काटा शून्यावर आल्याशिवाय मी हात घालत नाही आणि कोणाला घालू देत नाही.

पट्टीवरचं टेफ्लॉन कापड काळं पडलं आहे, चुणी पडली आहे, किंवा बोटाला खडबडीत लागतं आहे, एवढं झालं तरी ते बदलायचं. कापडाच्या चुणीचा ठसा सीलवर उमटतो आणि तिथून झिरपतं. करपलेल्या जागी फिल्म चिकटते, जॉ उघडताना गरम सील ओढला जातो. कापड गुंडाळीवरचं असेल तर प्रत्येक शिफ्टला दोन बोटं पुढे सरकवा. कापड फाटेपर्यंत वापरून वाचलेले पैसे एका रात्रीच्या गळक्या दुधातच जातात.

हवेचा दाब

बहुतेक मशिनना ५ ते ६ बार हवा लागते. गेज मशिन थांबलेलं असताना नाही, सगळी हेडं आणि शेजारची मशिनं चालू असताना बघायचं. प्रत्येक ठोक्याला काटा बुडी मारतो का? मारत असेल तर जॉ बंद होतो, पण दाबत नाही. फिल्म वितळते, पदर एकमेकांत मुरत नाहीत. जिथे पदर जास्त असतात तिथे हे आधी दिसतं: एरवी आडव्या सीलमध्ये दोन पदर, पण उभा सील जिथे खाली येतो तिथे कडेवर कड चढल्यामुळे तीन, आणि कडांच्या आतल्या बाजू जोडणाऱ्या मशिनवर चार. या पायरीच्या कडेला जी पोकळी राहते ती फक्त दाबाने आणि वितळलेल्या प्लास्टिकने भरते. म्हणून छेदावरचा बारीक झिरपा म्हणजे माझ्या मते आधी हवा, मग रबर, आणि त्यानंतर हीट.

पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या लाइनमध्ये पाणी साचतं. फिल्टरची वाटी रोज रिकामी करा. सिलिंडरच्या तोंडाशी साबणाचं पाणी लावून फुगे येतात का पाहा. नवीन मशिन बसवल्यापासून जुनं गळायला लागलं असेल, तर कॉम्प्रेसर अपुरा पडतो आहे. हे मी तीन ठिकाणी पाहिलं, आणि तिन्ही ठिकाणी आधी फिल्मवाल्याशी भांडण झालं होतं.

जॉचं थंड पाणी

सुरुवातीला सगळं ठीक आणि दोन-अडीच तासांनी गळती, हे वर सांगितलेलं शेवटचं लक्षण बहुधा इथलं असतं. यावर सगळ्यात कमी लक्ष जातं, आणि माझ्या वहीत सगळ्यात जास्त पानं यावरच आहेत.

दोन हेडचं, तासाला ५००० पिशव्यांचं मशिन घ्या. एका हेडला तासाला २५००, म्हणजे एका पिशवीमागे जेमतेम दीड सेकंद मिळतो. त्यात फिल्म ओढायची, दूध सोडायचं, जॉ दाबायचा, गरम करायचं, थंड करायचं. वितळलेलं पॉलिथिन गोठेपर्यंत त्याला ताकद नसते. जॉमधून फिरणारं पाणी त्याला त्या उरलेल्या क्षणात गोठवतं. पाणी कोमट असेल किंवा धार बारीक असेल, तर जॉ उघडताना सील अजून मऊच असतो, त्यावर अर्धा किलो दूध येतं आणि तळ ताणला जातो.

एका डेअरीत दरवर्षी एप्रिल-मेमध्ये पहाटेच्या सुमारास तळ गळायचे. संध्याकाळी मशिन उत्तम चालायचं. ऑपरेटर बदलून झाले, पट्ट्या बदलून झाल्या, फिल्मचे रोल परत पाठवून झाले. मी गेलो तेव्हा तिसऱ्या रात्री जॉच्या परतीच्या नळीला हात लावला, तर ती कोमट होती. जॉचं पाणी आइस बँकेतून (बर्फ साठवून पाणी थंड ठेवणाऱ्या टाकीतून) येत होतं आणि त्याच आइस बँकेवर पाश्चरायझरही होता. उन्हाळ्यात येणारं दूध गरम, त्याला थंड करण्यात मध्यरात्रीपर्यंत बर्फ संपायचा. पाण्याचं तापमान चढत जायचं, सील थंड होईना, पिशवी गळायची. गळते म्हणून हीट वाढवायचे. जास्त हीट म्हणजे काढायला आणखी जास्त उष्णता, म्हणजे आणखी गळती. त्या डेअरीने जॉसाठी छोटा वेगळा चिलर बसवला आणि पुढच्या मेमध्ये मला फोन आला नाही.

तुम्ही करायचं ते एवढंच. जॉमध्ये जाणारी आणि परत येणारी, दोन्ही नळ्या हाताने तपासा, मग थर्मामीटर लावा. परतीची नळी बादलीत सोडा आणि एक मिनिटात किती पाणी येतं ते मोजून लिहून ठेवा. दोन हेडच्या धारेत फरक असेल, तर बारीक धारेच्या जॉमध्ये क्षार साचले आहेत. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांकडे हे हमखास होतं. सौम्य सायट्रिक ॲसिड फिरवून स्वच्छ करता येतं, पण पुढे मऊ केलेलं पाणीच वापरा.

उलट टोकही आहे. पावसाळ्यात पाणी फार थंड ठेवलं तर जॉला घाम फुटतो आणि थेंब फिल्मवर पडून सीलमध्ये जातात. जॉ पुसल्यावर पाच मिनिटांत पुन्हा ओला होत असेल, तर पाण्याचं तापमान थोडं वर न्या.

फिल्म

रोल बदलल्या क्षणापासून गळती सुरू झाली असेल, तर जुन्या लॉटचा रोल परत चढवून बघा. गळती थांबली तर उत्तर मिळालं. जुना रोल शिल्लकच नसतो, ही खरी अडचण असते. म्हणून प्रत्येक लॉटमधला एक अर्धवट रोल नाव-तारीख लिहून राखून ठेवा.

छपाई धरावी म्हणून फिल्मच्या बाहेरच्या बाजूवर कोरोना प्रक्रिया (उच्च दाबाच्या विजेची प्रक्रिया) केलेली असते. ती बाजू सीलला नीट धरत नाही. एकदा एका पुरवठादाराकडून आलेल्या चार रोलमध्ये ही प्रक्रिया आतल्या बाजूलाही झाली होती. कितीही हीट द्या, सील सोलून निघायचा. ओळखायची युक्ती सोपी आहे: ओलं बोट फिल्मवर फिरवा. प्रक्रिया केलेल्या बाजूवर पाणी पसरून राहतं, न केलेल्या बाजूवर थेंब थेंब होऊन गोळा होतं. आतली बाजू पाणी धरत असेल, तर रोल परत. तसंच, कडेवर कड चढणाऱ्या मशिनवर छपाईची शाई कडेपर्यंत आली असेल तर उभा सील उसवतो, कारण शाईवर पॉलिथिन चिकटत नाही.

मायक्रोमीटरने रोलच्या रुंदीत पाच ठिकाणी जाडी घ्या. राज्याच्या २०१८च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीची फिल्म ५० मायक्रॉनपेक्षा पातळ नको अशी अट आहे. पिशवीच्या फिल्मसाठी भारतीय मानकही आहे, आयएस ११८०५, खरेदीच्या ऑर्डरवर ते लिहायला विसरू नका. पण माझ्या अनुभवात सरासरी जाडीपेक्षा तिच्यातला चढउतार जास्त त्रास देतो. एका पट्ट्यात फिल्म पातळ असेल तर त्याच रेषेत सील जळतो आणि बाकीचा कच्चा राहतो.

गेल्या काही वर्षांत तीन थरांची फिल्म आली. तिच्या आतल्या थरात बहुधा मेटॅलोसीन प्रकारचं पॉलिथिन असतं, ते कमी तापमानाला सील होतं आणि गरम असतानाही चांगलं धरतं. ही मोठी सुधारणा आहे, मी तिच्या बाजूचा आहे. पण जुन्या जाड फिल्मची हीट तशीच ठेवून ही फिल्म चालवली की सील जळणारच. नवीन फिल्म आली की हीट खालून वर आणा: इतकी कमी करा की सील सोलून निघेल, मग थोडी थोडी वाढवत, जिथे शेजारची फिल्म फाटू लागते तिथे थांबा.

रोल उन्हात पत्र्याखाली किंवा कोल्ड रूमच्या दाराशी ठेवू नका. आदल्या दिवशी पॅकिंगच्या खोलीत आणून ठेवा.

व्होल्टेज

वीज गेली, जनरेटर लागला आणि गळती सुरू झाली, असं होत असेल तर मीटर लावा. पट्टीची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उष्णता एकोणीस टक्क्यांनी कमी होते. पहाटे लाइट परत आली की उलटा प्रकार, सगळे सील जळके. अशा ठिकाणी सीलिंगच्या सप्लायला स्टॅबिलायझर हवाच. पॅनल उघडून व्होल्टेज मोजायचं काम मात्र इलेक्ट्रिशियनचं आहे.

पट्टी आणि रबर

निक्रोम पट्टी तापली की लांबते. तिच्या टोकाची स्प्रिंग हा वाढावा ओढून घेते. स्प्रिंग मेली की पट्टी लहरते आणि सील नागमोडी येतो. पट्टी बदलताना स्प्रिंगही बदला. पट्टीची टोकं तांब्याचा मुलामा दिलेली असतात, कारण फिल्मच्या बाहेरचा भाग तापू नये. कोणी साधी पट्टी कापून बसवली असेल तर टोकं लाल होतात आणि पट्टी कोपऱ्यातच तुटते.

समोरच्या जॉवरचं सिलिकॉन रबर नखाने तपासा. पट्टीच्या रेषेत घळ पडली असेल, तर दाब तिथे जातच नाही. रबर उलटून बसवता येत असेल तर आजची रात्र निघते, उद्या नवीन मागवा.

जॉ समांतर आहे का

नेहमी एकाच कोपऱ्यात गळत असेल आणि आतापर्यंतचं सगळं ठीक असेल, तर पांढऱ्या कागदावर कार्बन पेपर ठेवून दोन्ही जॉमध्ये धरा. हीट बंद, मशिन हळू चालण्याच्या मोडवर, कागद लांब पट्टीने धरलेला, बोटं बाहेर. जॉ एकदा बंद करून उघडा. ठसा एका टोकाला गडद आणि दुसऱ्या टोकाला फिका आला, तर जॉ तिरका झाला आहे. बुश (दांड्याभोवतीच्या कड्या) झिजलेले असतील तर ते फिटर बदलू शकतो. जॉची फ्रेमच वाकली असेल, तर शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) घालून दिवस काढू नका.

नवीन सर्वो मशिन असेल तर

फिल्म ओढायला सर्वो (नेमकी हालचाल करणारी मोटर) आणि हीटची वेळ स्क्रीनवर, अशी मशिनं आता आमच्याकडच्या मध्यम डेअऱ्यांतही आहेत. पिशवीची लांबी आणि ठोक्याची वेळ त्यांत फार स्थिर राहते. शोधायचा क्रम तोच, फक्त आधी स्क्रीनवरच्या रेसिपीचा, म्हणजे भरलेल्या सेटिंगचा, फोटो काढा, कारण रात्रपाळीत कोणी काय बदललं ते नंतर आठवत नाही. काही मशिनवर पट्टीचा रेझिस्टन्स मोजून तिचं तापमान धरणारा कंट्रोलर असतो. तिथे बाजारातली साधी निक्रोम पट्टी लावू नका. साध्या निक्रोमचा रेझिस्टन्स तापल्यावर फारसा बदलत नाही, त्यामुळे कंट्रोलरला तापमान कळत नाही आणि पट्टी जळून जाते. त्यासाठी कंपनीने सांगितलेल्या मिश्रधातूचीच पट्टी हवी, आणि बदलल्यावर कंट्रोलर थंड जॉवर पुन्हा शून्यावर आणावा लागतो.

इथे थांबा, माणूस बोलवा

पुढच्या गोष्टींत स्वतः प्रयत्न करू नका:

- जॉ उघडा असतानाही पट्टी तापलेली राहते. सॉलिड स्टेट रिले (पट्टीचा करंट चालू-बंद करणारा स्विच) शॉर्ट झाला असण्याची शक्यता आहे. लगेच मेन बंद करा, आग लागू शकते.
- एका शिफ्टमध्ये दोन पट्ट्या जळल्या. तिसरी लावू नका, ट्रान्सफॉर्मर आणि कंट्रोल तपासायला इलेक्ट्रिशियन हवा.
- पॅनलमध्ये पाणी गेलं, किंवा मशिनला हात लावल्यावर झिणझिण्या येतात.
- जॉची फ्रेम, फॉर्मर किंवा फिलिंग ट्यूब वाकली आहे. सर्वो किंवा पीएलसी (मशिन चालवणारा कंट्रोल संगणक) वारंवार एरर देतो. हे मशिन बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरचं काम आहे.
- फिल्म निर्जंतुक करणारा यूव्ही दिवा चालू असताना कव्हर काढायची वेळ आली. तो डोळ्यांना आणि कातडीला इजा करतो.

टेफ्लॉनचा किंवा पट्टीचा तुकडा तुटून सापडत नसेल, तर दुरुस्तीच्या आधी क्वालिटीच्या माणसाला उठवा. शेवटच्या तपासणीपासूनचे सगळे क्रेट बाजूला ठेवायचे की नाही, हे तो ठरवेल, आपण नाही. गळक्या पिशव्यांमधलं दूध कापून परत बॅलन्स टँकमध्ये ओतणं हे तर त्याच्या लेखी परवानगीशिवाय अजिबात नाही. ते दूध कोणाच्या तरी घरी लहान मुलाच्या पेल्यात जाणार आहे.

दुरुस्तीनंतर

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर दोन्ही हेडच्या दहा-दहा पिशव्या दाबून बघा. त्यातल्या दोन कापून सील ओढा. सगळं जमलं की हीट, हवेचा दाब, पाण्याचं जातं-येतं तापमान आणि फिल्मचा लॉट मशिनवर चिकटवलेल्या कागदावर तारखेसह लिहा. पुढच्या रात्री येणाऱ्या ऑपरेटरला तोच कागद लागणार आहे.

मग शेवटच्या दहा पिशव्या कोल्ड रूममध्ये कोऱ्या वर्तमानपत्राच्या कागदावर, प्रत्येकीच्या खाली हेडचा नंबर लिहून, तळ खाली येईल अशा टेकवून ठेवा. सकाळी पिशव्या उचला. ज्या नंबरभोवती ओलं कडं दिसेल, त्या हेडचं काम अजून बाकी आहे.